हरकती आधी तपासाव्यात की नंतर?
एखाद्या प्रकल्पावर लोकांनी नोंदवलेल्या ऑनलाइन हरकती आधी तपासूनच प्रसिद्ध केल्या, तर शिवीगाळ, कुणाचा खासगी फोन नंबर किंवा भाषावादाची चिथावणी लोकांपर्यंत पोहोचत नाही; परंतु कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील शेतकऱ्याने सर्व्हे नंबरासह मराठीत नोंदवलेली हरकत, तपासणाऱ्याला केवळ कन्नड वाचता येत असेल तर, मुदत संपेपर्यंत पडून राहू शकते. वास्तविक संविधानाचा अनुच्छेद ३५० संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देतो. आधी प्रसिद्ध करून आक्षेपार्ह मजकूर नंतर काढण्याच्या पद्धतीत तीच हरकत शेजारच्या गावालाही लगेच वाचता येते, म्हणून सीमाभागासाठी मला ती अधिक न्याय्य वाटते. मात्र काढलेल्या मजकुराच्या जागी कारण नोंदवलेच पाहिजे, आणि ते ठरवणाऱ्याला मराठी व कन्नड दोन्ही भाषा यायलाच हव्यात.