डिस्क बदलताय? सीपी, टार की आरसिंक

अख्खी डिरेक्टरी एका डिस्कवरून दुसरीवर न्यायची, काम एवढंच. युनिक्समध्ये त्याला निदान तीन वाटा आहेत, सीपी, टार आणि आरसिंक या तीन कमांड, आणि तिन्हींच्या खोडी निराळ्या.

सीपी, म्हणजे साधी कॉपीची कमांड, सगळ्यांच्या बोटावर. युनिक्सच्या 1979च्या सातव्या आवृत्तीत तिला डिरेक्टरीच्या पोटात शिरताच येत नव्हतं. मग बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये पोटात शिरायला सांगणारा छोटा आर हा पर्याय आला. त्याचा स्वभाव भाबडा: समोर येईल ते उघडायचं आणि वाचायचं. वाटेत नेम्ड पाइप (एका प्रोग्रामने लिहायची आणि दुसऱ्याने वाचायची खास फाइल) लागला, पलीकडून कुणी लिहीत नसलं, की सीपी तिथेच ठाण मांडून बसायची. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने म्हणून मोठा आर आणला आणि 2008च्या आवृत्तीत छोट्याला वगळलं. लिनक्सवर आज दोन्ही सारखेच चालतात, तरी मी मोठाच टाइप करतो.

खरी गंमत स्लॅशची. ‘फोटो/’ असं लिहून आधीच असलेल्या ‘बॅकअप’मध्ये कॉपी करा. मॅकवर आतल्या फाइली थेट बॅकअपमध्ये पसरतात. लिनक्सवर बॅकअपच्या आत ‘फोटो’ डिरेक्टरी तयार होते. एकच स्क्रिप्ट दोन्हीकडे चालवणाऱ्याने ‘फोटो/.’ लिहावं, म्हणजे दोन्हीकडे आतलाच माल जातो. आरसिंकही स्लॅशचा अर्थ मॅकसारखाच लावते, पण निदान सगळीकडे तोच.

टार फाइलींचं एकच गाठोडं बांधते. एका टारने बांधलेलं गाठोडं थेट दुसऱ्या टारकडे, पलीकडच्या डिरेक्टरीत उलगडायला द्यायचं, हा टारचा पाइप. तो जुन्या लोकांचा लाडका, हार्डलिंकमुळे. एकाच फाइलला दोन नावं असली तर जुनी सीपी दोन प्रती करायची. टार नातं लक्षात ठेवते. फक्त पलीकडच्या टारआधी कंसात ‘सीडी’ (डिरेक्टरी बदलणारी कमांड) लिहितात, तिच्यानंतर अर्धविराम नको, दोन अँपरसँड हवेत, म्हणजे सीडी जमली तरच टार चालते. अर्धविराम टाकलात आणि सीडी फसली, तर टार मूळ फाइलींवरच उलगडत बसते. माझ्या हातून हे एकदा झालंय.

आरसिंक 1996ची. तिचा छोटा ए ‘आर्काइव्ह’चा म्हणवतो, पण हार्डलिंक त्यात येत नाहीत, मोठा एच वेगळा द्यावा लागतो. ग्नू (म्हणजे लिनक्सवरच्या) सीपीचा छोटा ए मात्र त्या जपतो. आणि फक्त बदललेले तुकडे पाठवण्याची आरसिंकची प्रसिद्ध करामत एकाच मशीनवर मुळात बंदच असते.

तेव्हा लिनक्सवर, त्याच मशीनमध्ये, एकदाच न्यायचं असेल तर सीपी आणि छोटा ए. समोर जुनाट युनिक्स असेल तर टार. नेटवर्क असेल किंवा मध्येच वीज जायची भीती असेल, तर आरसिंक. तिला आधी छोटा एन लावून काय काय जाणार ते बघून घ्या.