जीपीएस जाकीट आठ महिने वापरल्यावर : मोजलं कोणाला आणि कळलं कोणाबद्दल

गेल्या ऑक्टोबरात, पाऊस आवरल्यावर, आम्ही वर्गणी काढून आमच्या फुटबॉल टीमसाठी दोन जीपीएस जाकिटं घेतली. पोरांना अकरा हवी होती, पैसे दोनांपुरतेच जमले. जाकीट म्हणजे छातीपुरती घट्ट बंडी. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, काडेपेटीपेक्षा जरा मोठं यंत्र बसतं. सेकंदाला दहा वेळा ते खेळाडूची जागा टिपतं आणि सामना संपला की मोबाइलवर हिशेब मांडतं : किती किलोमीटर, किती स्प्रिंट (म्हणजे सुसाट धावा), जास्तीत जास्त वेग, हीट मॅप (म्हणजे खेळाडू मैदानात कुठे किती वावरला त्याचा रंगीत नकाशा) आणि शेवटी शंभरपैकी गुण. या शेवटच्या आकड्याने आमचा घात केला. कंपनीचं नाव देत नाही, कारण तक्रार यंत्राबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त आहे.

आधी यंत्राचं. आम्ही शिरोड्याचे. सराव वेळागरच्या किनाऱ्यावर, ओहोटीला वाळू घट्ट झाली की. सामने वेंगुर्ल्यात, सावंतवाडीत, कधी गोव्यात. मैदानाचे चारही कोपरे चालत जाऊन ॲपला दाखवावे लागतात. मी आळसाने जुनेच कोपरे ठेवले आणि एका रविवारी आमचा लेफ्ट बॅक, डावीकडचा बचावपटू, अर्धा वेळ समुद्रात खेळल्याचं दिसलं. पोरं आठवडाभर त्याला ‘खलाशी’ म्हणत होती. मैदानावर मात्र मोजमाप नीट येतं. बॅटरी दोन सराव आणि एक सामना आरामात काढते. खाऱ्या हवेने चार्जिंगच्या पिना तिसऱ्या महिन्यातच कळंकल्या. आता खेळ झाला की ओल्या फडक्याने पुसतो, कोरड्याने टिपतो आणि तांदळाच्या डब्यात ठेवतो. एका स्पर्धेत पंचांनी जाकीट काढायला लावलं. अशी यंत्रं सामन्यात घालायला 2015 पासून नियमाने मुभा आहे, पण आयोजकांची परवानगी लागते आणि ती मी विचारलीच नव्हती.

आता गुणांचं. पहिल्या महिन्यात मी जाकिटं आलटून पालटून सगळ्यांना घातली आणि गुण फळ्यावर लिहिले. शाळेत गणित शिकवतो, सवय जात नाही. पंधरा दिवसांत खेळ बिघडला. आमचा विंगर, मैदानाच्या कडेने चढाई करणारा, बॉल बाहेर गेल्यावरसुद्धा सुसाट पळायचा. एक जण हाफ टाइमला पाणी प्यायच्या निमित्ताने दोन गोलपोस्टच्या मध्ये तीन फेऱ्या मारून आला. विचारलं तर म्हणाला, “सर, माका सत्तरच्या वर जावक होया.”

तळाला कायम एकच, आमचा सहा नंबर. डिफेन्सच्या, म्हणजे बचाव फळीच्या, जरा पुढे खेळतो. पळणं कमी, स्प्रिंट जवळजवळ नाहीतच, गोल नाही, गोलचा पास नाही. हीट मॅप म्हणजे मधल्या वर्तुळाजवळ सांडलेला चहा. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, बाबू, जरा पळायला काय होतं? तो वाळूकडे बघत म्हणाला, “बॉल खय येतलो ता माका आधीच दिसता. मगे धावू कित्याक?”

मला ते उर्मट वाटलं. डिसेंबरात दोन सामने त्याला बसवलं. त्या दोन सामन्यांत आम्ही पाच गोल खाल्ले. पण डोळे उघडले ते गोलांमुळे नाही. तेव्हा दोन्ही जाकिटं आमच्या दोन स्टॉपरांच्या, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या बचावपटूंच्या, अंगावर होती आणि त्यांना मोसमातले सर्वांत जास्त गुण पडले होते! स्प्रिंट जवळपास दुप्पट. ॲप शाबासकी देत होतं आणि दोघं धापा टाकत वाळूत आडवे पडले होते. पुढचा माणूस नसल्याने प्रत्येक बॉल थेट त्यांच्या अंगावर येत होता, म्हणून ते पळत होते. घरातल्या बाईने आडावरून किती कळश्या आणल्या ते मोजायचं आणि नळ बंद होता हे विचारायचंच नाही, तसला हा प्रकार.

तेव्हापासून मी सहा नंबरला जाकीट घालतच नाही. दोन्ही जाकिटं स्टॉपरांना घालतो आणि त्यांच्या पळण्यावरून त्याचा खेळ जोखतो. तो लयीत असला की त्यांचे स्प्रिंट उतरतात. शंभरपैकीचा आकडा बघणं सोडलं. बाकीच्यासाठी वही आहे. त्यात मी एवढंच टिपतो : बॉल यायच्या आधी त्याने मान वळवून मागे पाहिलं का, आणि बॉल मिळवणाऱ्या आमच्या पोराला पहिला मोकळा पास कोणाकडे दिसला. मान वळवण्यावर नॉर्वेच्या गेइर युर्देट यांनी इंग्लंडच्या मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ घेऊन संशोधन केलंय. जास्त वेळा आजूबाजूला पाहून ठेवणाऱ्यांचे पास जास्त बिनचूक जातात, असं त्यात दिसलं. पूर्ण सामना असं टिपायला गेलात तर तुमचीच मान धरेल. मी दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे घेतो.

मोठ्या फुटबॉलात अशा न दिसणाऱ्या कामासाठी सगळे क्लोद मॅकेलेलेचं नाव घेतात. तोही आमच्या सहा नंबरच्याच जागी खेळायचा. 2003 च्या उन्हाळ्यात स्पेनच्या रिआल माद्रिद क्लबने नामवंत बेकहॅमला आणलं, आणि पगारवाढ मागणाऱ्या मॅकेलेलेला इंग्लंडच्या चेल्सी क्लबला जाऊ दिलं. रिआलला पुढचं लीग विजेतेपद मिळायला 2006-07 चा मोसम उजाडला, तर चेल्सीने 2004-05 मध्ये 38 सामन्यांत फक्त 15 गोल खाऊन लीग जिंकली. गोष्ट खरी, पण ती सांगताना लोक हात जरा सैल सोडतात. 2004 मध्येच चेल्सीत प्रशिक्षक म्हणून मोरिन्यो आले आणि गोलकीपर पेत्र चेकही आला. सगळं श्रेय एकाच्या पदरात कसं टाकणार?

तोच प्रश्न मला माझ्याही वहीला विचारावा लागला. त्या दोन सामन्यांतला एक गोव्याच्या तगड्या टीमशी होता. सहा नंबर असता तरी हरलोच असतो बहुधा. म्हणून मार्चमध्ये सरावात पोरांची तीच वाटणी ठेवून त्याला अर्धा वेळ एका बाजूला आणि अर्धा वेळ दुसऱ्या बाजूला खेळवलं. असं सहा रविवार. पाच वेळा तो ज्या बाजूला होता तिचे स्टॉपर कमी पळाले. सहाव्या रविवारी तो रात्रभर लग्नात जागून आला होता.

घ्यावं का? लहान टीम असेल तर दोन पुरेत, जास्तीचे पैसे चांगल्या बॉलांवर घाला. दुखापतीतून उठलेल्या पोराला किती पळवायचं, यासाठी तर यंत्र फारच कामाचं. आमच्या विंगरची मांडी आखडली होती, तेव्हा त्याला आकडे बघूनच हळूहळू परत आणला. ॲपमधले गुण लपवायची सोय आहे, सेटिंगमध्ये जरा खाली. ती पहिल्या दिवशी वापरा.

मे अखेरीस जाकिटं धुऊन ठेवत होतो तर सहा नंबर दारात येऊन उभा. म्हणाला, “सर, पुढच्या वर्साक माका पण घालूक गावतला मा ता जाकिट?” घालणार आहे. सरावाला.