जॉबवर्कच्या चलनांसाठी घेतलेले सॉफ्टवेअर: दोन वर्षांनंतरचा अभिप्राय

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका मशीनशॉपचे हिशेबाचे काम मी गेली १८ वर्षे पाहतो. शिरोलीच्या फौंड्र्यांकडून कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) येते, आमच्याकडे मजुरीवर त्याचे टर्निंग आणि बोअरिंग (कातकाम) होते आणि तयार नग चलनावर, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या नोंदीच्या कागदावर, परत जातात. यालाच जॉबवर्क म्हणतात. या आवक-जावकेसाठी आम्ही दोन वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअर घेतले. त्याचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण त्याचा जो दोष मला सांगायचा आहे तो कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये असू शकतो आणि घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी तोच तपासावा अशी माझी इच्छा आहे.

चांगले आधी सांगतो. चलन मराठीत छापता येते, फौंड्रीनिहाय शिल्लक एका क्लिकवर दिसते, रिजेक्शनचे नग वेगळे दाखवता येतात आणि वीज गेली तरी भरलेली माहिती जात नाही. शिकायला आमच्या मुलांना आठवडाही लागला नाही.

आता मूळ मुद्दा. या सॉफ्टवेअरमध्ये कोणतेही जुने चलन, मग ते कालचे असो वा दहा महिन्यांपूर्वीचे, उघडले की थेट दुरुस्तीच्या अवस्थेतच उघडते. आकड्याच्या रकान्यात कर्सर लुकलुकत असतो आणि एंटर दाबले की जे काही तेथे असेल ते जतन होते. आधी काय होते, कोणी बदलले, केव्हा बदलले, याचा मागमूस राहत नाही. विक्रेत्याने दाखवताना हीच गोष्ट कौतुकाने सांगितली होती, आणि खरे सांगायचे तर मलाही ती तेव्हा सोयीची वाटली होती.

गेल्या मार्चअखेर एका फौंड्रीशी शिल्लक जुळवताना ३६ नगांचा फरक आला. आमच्या संगणकावर आवक २०४ नग होती आणि त्यांच्या कागदावर २४०. साडेचार किलोच्या कास्टिंगचे ३६ नग म्हणजे १६२ किलो माल आम्ही गिळला, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. फौंड्रीच्या माणसाचा आवाज फोनवर चढला आणि आमचे मालकही माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. संगणकावर बसणाऱ्या पोराला विचारले तर तो रडवेला होऊन म्हणाला, "मामा, मी न्हाई हात लावला." तो खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही. कोणते तरी जुने चलन बघायला म्हणून उघडले असेल, दोन आकडे उलटे पडले असतील आणि एंटर दाबले गेले असेल. पण हे माझे अनुमान झाले. सॉफ्टवेअरकडे त्यावर सांगण्यासारखे काहीच नव्हते.

शेवटी सुटका केली ती कपाटात खाली टाकलेल्या चलनबुकाने. कूलंटचा (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) वास लागलेले ते पान, त्यावर कार्बनचा निळसर '२४०', शेजारी टेम्पोवाल्याची सही आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा तेलकट ठसा. त्याच बुकात चार पानांपुढे एका ठिकाणी '६०' वर आडवी रेघ मारून वर '६५' लिहिले होते आणि बाजूला सही होती. चूक तेथेही झाली होती, पण ती चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही डोळ्यांसमोर होती.

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. केंद्रीय जीएसटी नियम २०१७ मधील नियम ५६ च्या पोटनियम ८ प्रमाणे नोंद खोडून, पुसून किंवा तिच्यावर गिरवून बदलता येत नाही. किरकोळ लेखनदोष सोडल्यास चुकीची नोंद सहीनिशी रेघ मारून रद्द करायची आणि मग बरोबर नोंद लिहायची. दप्तर संगणकावर असेल तर बदललेल्या वा काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवायचा, हेही तेथेच म्हटले आहे. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून असा माग ठेवणारे आणि तो बंद करता येणार नाही असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते. आमचे दुकान कंपनी नसून एकट्या मालकाचे असल्याने दुसरा नियम आम्हाला लागू नाही, पण पहिला आहे. जॉबवर्कचा कच्चा माल साधारणपणे एका वर्षात परत जावा लागतो, तेव्हा दहा महिन्यांपूर्वीच्या चलनातील आकडा ही आमच्यासाठी जुनी गोष्ट नसते.

यावर कोणी म्हणेल, मग जुन्या नोंदींना कुलूपच लावा. तो अनुभवही मी घेतला आहे. आमचे आधीचे सॉफ्टवेअर रात्री दिवस बंद केला की एक अक्षरही बदलू देत नसे. एका फौंड्रीच्या नावात काना राहून गेला, तो तीन वर्षे तसाच छापला जात होता. आणि गाडीचा नंबर चुकला तर पूर्ण चलन उलटे फिरवून नवे करावे लागे, त्यामुळे खऱ्या मालापेक्षा उलटसुलट चलनेच जास्त दिसू लागली. माणूस लिहितो तेथे चुकणार, आणि ती सुधारण्याची वाट बंद केली की तो कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवायला लागतो. आम्ही चिकटवल्या आहेत.

सातबाऱ्याचे उदाहरण आपल्याकडे सर्वांना कळते. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर नाव कमी करताना ते पुसत नसत, कंस करीत आणि फेरफाराचा क्रमांक टाकीत. गाव नमुना ६, म्हणजे फेरफारांची नोंदवही, काढला की बदल कशामुळे झाला ते समजे. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १५५ वेगळे आहेच. मला सॉफ्टवेअरकडून यापेक्षा जास्त काही नको आहे.

मार्चच्या प्रकारानंतर मी विक्रेत्याकडे तक्रार केली, तेव्हा त्याने नवी आवृत्ती दिली. तिच्यात 'बदल नोंद' नावाचा पर्याय आला आहे. तो सुरू केल्यावर जुना आकडा, नवा आकडा, तारीख, वेळ आणि वापरणाऱ्याचे नाव असे सर्व दिसते, आणि हे काम त्यांनी नीट केले आहे हे मान्य करायला हवे. परंतु हा पर्याय मुळात बंद असतो, मालकाच्या लॉगिनने तो केव्हाही पुन्हा बंद करता येतो, आणि तो बंद केल्याची नोंद मात्र कोठेच होत नाही. चलन अजूनही थेट दुरुस्तीच्या अवस्थेतच उघडते. छापील प्रतीवर 'दुरुस्त' असा शब्दही येत नाही, त्यामुळे फौंड्रीकडे असलेली पहिली प्रत आणि आपण नंतर काढलेली प्रत यांत फरक का आहे, हे समोरच्याला कळण्याचा मार्ग नाही.

पाचपैकी मी तीन गुण देतो. वर्षाचे सहा हजार रुपये मला जड वाटत नाहीत आणि रोजच्या कामाला सॉफ्टवेअर उपयोगी आहे. एप्रिलमध्ये नूतनीकरण आहे. चलन आधी फक्त वाचण्यासाठी उघडावे आणि बदलांचा माग कोणालाही बंद करता येऊ नये, या दोन गोष्टी मी विक्रेत्याला लिहून दिल्या आहेत. "पुढच्या अपडेटला बघू, साहेब" असे उत्तर आले आहे. तोपर्यंत कार्बनची दहा चलनबुके छापून आणली आहेत.