मिलिंगसाठी वाइस घेताय? साधा, अँगल लॉक, ग्राइंडिंग वाइस की थेट टेबलावर क्लॅम्प

एक मिलिंग, एक ड्रिल, एखादं लेथ आणि दोन-तीन माणसं एवढ्यावर चालणाऱ्या शेडमध्ये वाइसचा, म्हणजे कापायचा तुकडा (जॉब) घट्ट धरणाऱ्या पकडीचा, विचार बहुधा जुना वाइस मोडल्यावरच होतो. स्थिर जबड्याच्या मुळाशी चीर गेलेली असते, नाहीतर आटे खाल्ले जाऊन स्क्रू नुसताच फिरत असतो. तसाच दुसरा वाइस आणण्याआधी पहिला का गेला ते बघा. काय घ्यायचं हे त्यावरूनच ठरतं.

वाइस आवळला की जॉब दाबला जातो आणि वाइसचं अंग ताणलं जातं. स्थिर जबडा आणि नटाची बैठक एकमेकांपासून लांब जायला बघतात, बेड वाकतो आणि सगळा ताण आतल्या कोपऱ्यांत गोळा होतो. साधे वाइस बिडाचे (कास्ट आयर्नचे) असतात. बीड दाब उत्तम घेतं, पण ताणाला कच्चं, कारण त्यातल्या ग्रॅफाइटची प्रत्येक पापडी आधीच पडलेल्या बारीक चिरेसारखी वागते. एफजी २६० ग्रेडच्या साध्या बिडाची ताणशक्ती २६० मेगापास्कल. एसजी आयर्नच्या, म्हणजे ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेल्या बिडाच्या, ५००/७ ग्रेडची ५००, शिवाय तुटण्याआधी ते ७ टक्के लांबतं. साधं बीड मात्र काहीही न सांगता तुटतं. कोल्हापूरकडे शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत दोन्ही ओतलं जातं, तेव्हा विकणाऱ्याला 'बॉडी कशाची?' हे स्पष्ट विचारायला काहीच हरकत नाही.

आता पाइप लावून आवळण्याबद्दल. ३०० मिमीच्या हँडलवर २० किलो जोर दिला तर ६० न्यूटन-मीटर टॉर्क होतो. स्क्रूचा पिच (एका फेऱ्यात सरकायचं अंतर) ५ मिमी धरा, घर्षणात ८० टक्के गेले धरा, तरी जॉबवर दीड टन जोर येतो. तिथे मीटरभराचा पाइप घातला की तोच माणूस पाच टनांवर पोचतो. जॉब सरकतो म्हणून पाइप लावला जातो, पण सरकण्याचं कारण बऱ्याचदा जोर कमी असणं हे नसतंच. आटे कोरडे असतात, जबड्याच्या प्लेटमागे बुर (धातूची बारीक कड) अडकलेला असतो किंवा जॉब पॅरललवर (जॉबखालच्या समांतर पट्टीवर) टेकलेलाच नसतो.

जॉब न टेकणं हा साध्या वाइसचा जन्मजात दोष आहे. सरकता जबडा गाइडवर थोडा ढिला असतो. स्क्रूचा जोर खालून येतो आणि जॉब वरच्या बाजूला धरलेला असतो, त्यामुळे आवळताना जबडा वर उचलला जातो आणि जॉबला बरोबर घेऊन जातो. डायलचा (बारीक हालचाल दाखवणाऱ्या मापकाचा) काटा जॉबच्या माथ्यावर टेकवून आवळा, म्हणजे डोळ्यांनी दिसेल. साध्या वाइसमध्ये काटा ५० मायक्रॉन सरकला तर नवल नाही. मऊ हातोडीने ठोकून जॉब बसतो, पण पुन्हा आवळलं की पुन्हा उठतो. जॉब आणि सरकता जबडा यांच्यामध्ये गोल रॉडचा तुकडा धरला तर बराच फरक पडतो, कारण मग जबड्याचं उचलणं जॉबपर्यंत पोचत नाही.

अँगल लॉक वाइस नेमका हाच दोष काढतो. मिनियापोलिसच्या कर्ट कंपनीच्या 'अँगलॉक' वाइसमुळे ही रचना जगभर गेली. जबड्याच्या पोटात तिरका उतार आणि अर्धगोल तुकडा असतो. नट पुढे ओढतो तेव्हा जबडा पुढेही जातो आणि खालीही दाबला जातो. पुढच्या जोराच्या साधारण निम्मा जोर खाली मिळतो, असं कंपनी सांगते. हा वाइस साध्यापेक्षा बराच महाग पडतो, आणि स्वस्त नकलांमध्ये उताराचं ग्राइंडिंग नीट नसेल तर जबडा उचलतोच. म्हणून घेण्याआधी वरचीच डायलची चाचणी तिथल्या तिथे करून बघा. एक गोष्ट मात्र हाही सांभाळत नाही: जॉब एका टोकाला धरला की जबडा तिरका होतो. दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घालावाच लागतो.

ग्राइंडिंग वाइस बघायला सुंदर, अचूकही तसाच. पण तो सरफेस ग्राइंडरसाठी आणि डायच्या कामासाठी. फेसमिलने (सपाट पृष्ठभाग काढणाऱ्या रुंद कटरने) दोन-तीन मिमीचा कट घ्यायला तो घेऊ नका. हायड्रॉलिक वाइस व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) एकच जॉब शेकड्याने चालत असेल तरच परवडतो.

थेट टेबलावर क्लॅम्प करण्याला लोक कमी लेखतात, हे मला पटत नाही. ८.८ ग्रेडचा एम१२ स्टड (१२ मिमीचा आटे असलेला दांडा) नीट आवळला तर साडेतीन टनांच्या आसपास ओढतो. स्टड क्लॅम्पच्या मधोमध असेल तर त्यातला निम्माच जॉबवर येतो, म्हणून स्टड जॉबजवळ घ्या आणि मागचा ठोकळा जॉबपेक्षा किंचित उंच ठेवा. प्लेट, वेल्ड केलेली फ्रेम, वेडंवाकडं कास्टिंग यांना हाच मार्ग बरा. वेळ जातो आणि क्लॅम्प कटरच्या वाटेत येतात, हे खरं. टी-नट (टेबलाच्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये बसणारा नट) घरी बनवणार असाल तर आटे तळापर्यंत मोकळे ठेवू नका. स्टड खालून बाहेर आला की तो स्लॉटच्या तळावर टेकून नटला वर रेटतो आणि टेबलाची कडा उडते. वाइस बदलता येतो, टेबल नाही.

तुमच्याकडे मिश्र कामं येत असतील तर माझ्या मते एसजी बॉडीचा १५० मिमी अँगल लॉक घ्या, स्विव्हल (फिरत्या) बेसशिवाय. बेसमुळे उंची जाते आणि एक सांधा वाढतो, जो हेवी कटला थरथरतो. त्याच्याबरोबर क्लॅम्पचा एक सेट. साधा वाइस शाबूत असेल तर तो ड्रिलवर राहू द्या, पण बोल्टने बांधून. ड्रिल आरपार निघताना जॉब पकडतं, आणि सुटा वाइस सरळ हातावर फिरतो.

शाबूत आहे की नाही हे बघायला कोपरे स्वच्छ करून रॉकेल लावा, थोड्या वेळाने पुसा आणि खडू घासा. चीर असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. तशी रेघ दिसली तर वाइस ड्रिलवरही नको आणि वेल्डिंगलाही नको. वेल्डशेजारचं बीड आणखी ठिसूळ होतं, तो भंगारातच घाला.