साइडची दोन चाकं लावलेली स्कूटर, दहा महिने वापरून झाल्यावर

गाडी माझी नाही, दोस्ताची आहे. पण चाकं लावायला यवतमाळले सोबत मीच गेलो, हप्त्यातून चारदा मागं मीच बसतो अन् चिखलात फसली तर ढकलायलाही मीच, म्हणून रिव्ह्यू मी लिहून रायलो.

त्याचा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. पल्स पोलिओ 1995 ला सुरू झाला तवा आम्ही सातवीत होतो, त्याचं म्हणणं असं की डोस आला पण एसटी निघून गेल्यावर. फाट्यावर त्याचं मोबाइल रिपेरिंगचं दुकान, गावापासून 6 किलोमीटर. एसटीत सवलत 75 टक्के मिळते पण गावात गाडी येते दिवसातून दोनदा अन् तिची पहिली पायरीच इतकी उंच की कुबडी घेऊन चढणाऱ्याचं तिथंच अर्ध तिकीट वसूल होते. शिबिरात मिळालेली हातानं फिरवायची तीनचाकी चढावर जीव काढते. मग बारा वर्षं मीच रोज सकाळी स्प्लेंडरवर सोडून द्यायचो, तो मागं कुबडी आडवी धरून बसायचा अन् समोरून येणारे शिव्या घालायचे.

आता किटबद्दल. बिनगियरची साधी स्कूटर, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूला लोखंडी फ्रेमवर एक एक छोटं चाक, दोघांले वेगळे शॉकअप. दोन्ही ब्रेक हातात असल्यामुळे पायाचं काही कामच नाही. फिटिंगसकट 19,000 लागले, कुबडी अडकवायचा क्लिप फुकट. काम पक्कं केलं, वेल्डिंग अजून कुठंच सुटलं नाही. पण गॅरेजवाला पूर्ण वेळ माझ्याशीच बोलला, "यायचा कोणता पाय कमजोर हाये? यायले जमन ना?" दोस्त तिथंच स्टुलावर बसलेला. तिसऱ्या प्रश्नाले तो म्हणे, "भाऊ, गाडी मले चालवाची हाये, हा तं फक्त पैसे मोजाले आला." (पैसेही त्याचेच होते.) याचा एक स्टार मी तिथंच कापला.

चालवायला सोपी वाटते पण सवय लागेपर्यंत जपा. स्कूटरसारखी वळणावर झुकत नाही, ऑटोसारखी वळवावी लागते, अन् वेगात वळवली तर बाहेर फेकते. दोन चाकी असली की माणूस खड्डा चुकवते, इथं मागं तीन चाकं लायनीत, एक ना एक पडतेच. अन् सगळ्यात मोठी खोट ही की ताकद फक्त मधल्या चाकाले आहे. मधलं खड्ड्यात अन् बाजूची दोन वर टेकली की मधलं हवेत गरगर फिरते, गाडी जागची हालत नाही. डांबरी रस्त्यावर हे लक्षातच येत नाही, पांदणीनं गेले की समजते.

पोळ्याच्या दिवशी तेच झालं. माझे बैल सजवलेले पाहाले म्हणून दोस्त न सांगता वावराकडे निघाला, वर आभाळ गळून रायलेलं, काळी माती मडगार्डात अशी भरली की साइडची चाकं फिरणंच बंद. अर्धा तास फोन केला नाही त्यानं. मी बैल घेऊन गावाकडे निघालो तं हा सीटवर बसून कुबडीच्या टोकानं गाळ खरडून रायला, एका हातात बैलाच्या शिंगाले बांधायचे फुगे तसेच. म्हटलं, "काऊन बे, फोन नाही करत?" तं म्हणे, "ढकलू नको, आधी त्या बाजूचा गाळ काढ." दुसऱ्या दिवशी दोन्ही मडगार्ड पान्यानं खोलून फेकले. शर्टावर चिखल उडते, उडू द्या.

रिव्हर्सचं किट वेगळं मिळते, आम्ही पैसे वाचवले अन् चुकलो. पाय टेकून गाडी मागं घेता येत नाही हे फिटिंगच्या दिवशी डोक्यातच आलं नाही. एकदा बँकेसमोर भिंतीले तोंड करून लावली अन् मागून कोणी दोन बुलेट उभ्या केल्या, पाऊण तास तो तिथंच. माझा फोन वावरात झाडाले टांगलेला.

आरटीओत आरसीवर बदलाची नोंद करूनच घ्या, नाहीतर अॅक्सिडेंट झाला तं इन्शुरन्सवाला आधी तेच पाहते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात अपंगासाठी खास बनवलेल्या गाडीले 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत, 2019 च्या दुरुस्तीत त्याचं 'अडॅप्टेड व्हेइकल' झालं अन् अशी बदल करून घेतलेली गाडीही त्यात आली. हे वाचून दोस्त म्हणे, "बारा वर्षं माही कॅरेज तूच होता बे."

सकाळी सातला माझ्या दारापुढं त्याचा हॉर्न वाजायचा नाही, माझा त्याच्या दारापुढं वाजायचा. आता उलटं झालं अन् मले अजून मागं बसून हात कुठं ठेवावे ते समजत नाही. मी तीन स्टार टाकत होतो, तो बाजूले बसून वाचून रायला, म्हणे चार कर, एक गॅरेजवाल्यासाठी नको कापू, रिव्हर्ससाठी काप.