खेड्यातल्या घरात पहिला रेकॉर्ड प्लेअर : ऑडिओ-टेक्निका एलपी६०एक्स आठ महिने वापरून

आबाजी गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली तर त्यात साठेक रेकॉर्डी निघाल्या. अभंग, नाट्यगीतं, जुनी हिंदी गाणी, बहुतेक एचएमव्हीच्या, आणि वाजवायला घरात काहीच नाही कारण जुना प्लेअर कधीचाच भंगारात गेलेला. दारव्ह्यापासून आत आमचं गाव, इथं विचारायला कोणी नाही म्हणून सगळं चुकतमाकत शिकलो, ज्यांच्या घरी अशीच पेटी पडून आहे त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो.

आधी पेटीत काय आहे ते बघा, प्लेअर मागून घ्या. जाड, वजनदार, हातातून पडली की काचेसारखी फुटणारी ती लाखेची, ७८ स्पीडची (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे), एका बाजूला तीनेक मिनिटं. लवचिक १२ इंची ती एलपी, ३३ स्पीडची, बाजूला वीस मिनिटांच्या आसपास. छोटी ७ इंची ईपी बहुतेक ४५ ची. लेबलवर बारीक अक्षरात स्पीड लिहिलेला असतो. माझ्याकडं चाळीसेक एलपी-ईपी आणि वीसेक लाखेच्या निघाल्या, हे मी मोजलं कधी, तर पैसे घालवून झाल्यावर.

कारण पहिल्यांदा मी ऑनलाइन एक सूटकेसवाला प्लेअर मागवला होता, दिसायला लय छान, स्पीकर आतच, तिन्ही स्पीड. असल्या स्वस्तातल्या प्लेअरमधे बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज (सुई ज्यात बसते आणि तिच्या हालचालीचा करंट बनवते ती डबी) असते, तिची सुई रेकॉर्डवर पाचेक ग्रॅमचा भार टाकते आणि स्पीकर त्याच डब्यात असल्यानं त्याचा हादरा परत सुईलाच जातो. भीमसेनजींच्या अभंगांची आजीची आवडती एलपी लावली तर तान वर गेली की आवाज फाटायचा, सुई एकाच जागी अडकायची. कोणीतरी म्हणलं आर्मवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीवर, एक रुपया चिकटव. असं करू नका बाप्पा, आधीच जड असलेली सुई अजून खोल घासते आणि घासलेली खाच परत भरत नाही. परत करायला कुरिअरवाला गावात येईना, शेवटी तालुक्याला नेऊन दिला.

मग एलपी६०एक्स घेतला, पंधरा हजाराच्या आत बसला. पहिल्या प्लेअरसाठी मला हाच पटला आणि अजूनही पटतो, कारण यात आर्मचं वजन तोलायचं नाही, कार्ट्रिज बसवायची नाही, सुईचा भार कंपनीतूनच तीन ग्रॅमच्या आसपास लावून येतो. आपल्याकडं हे सेट करून देणारा मिस्त्री नाही, त्यामुळं ही मोठी गोष्ट आहे. बेल्ट तेवढा आपल्याला चढवावा लागतो, तबकडीला एक भोक आहे, त्यातून बेल्टला बांधलेली लाल फीत दिसते, ती धरून बेल्ट मोटरच्या पितळी पुलीवर ओढायचा आणि फीत काढून टाकायची. झालं. स्टार्टचं बटण दाबलं की आर्म आपोआप उठतो, जाऊन अलगद टेकतो, बाजू संपली की परत जागेवर. आजीचे हात कापतात, तिला सुई धरून ठेवणं जमलं नसतं, ती आता एकटी लावते.

स्पीकर यात नाही. मी भजनी मंडळाचा अहुजाचा ॲम्प्लिफायर आणून त्याच्या ऑक्सला (बाहेरचं यंत्र जोडायच्या जागेला) प्लेअर जोडला तर आवाज डासासारखा बारीक, बास गायब. दोन दिवस डोकं खाजवलं. रेकॉर्डमधे बास मुद्दाम कमी करून आणि वरचे सूर वाढवून कोरलेले असतात, ते परत सरळ करायला फोनो प्रीॲम्प लागतो, तो या प्लेअरमधेच आहे पण मागचं बटण फोनोवर होतं, लाइनवर केलं आणि घर भरलं. पुढं मी दोन साधे पॉवर्ड स्पीकर (ॲम्प्लिफायर आतच असलेले) घेतले, भोंग्यावर अभंग ऐकायचा नसतो. स्पीकर प्लेअरच्या टेबलावर ठेवू नका, घुमतं.

आमचं घर जुनं, वरच्या मजल्यावर सागवानी फळ्या, कोणी चाललं की सुई उडायची. आता भिंतीत फळी ठोकून त्यावर ठेवला, गवंड्याची लेव्हल लावून सरळ केला. करंट फार खात नाही, इन्व्हर्टरवर आरामात चालतो.

खरा शत्रू धूळ आणि ऊन. सोयाबीन निघायच्या दिवसांत सुईच्या टोकावर कापसाच्या बोंडासारखा बारीक गोळा जमतो, मागून पुढं ब्रश फिरवून काढायचा, आडवा कधीच नाही. एलपी धुवायला मी ट्रॅक्टरच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल वॉटर वापरतो (ॲसिड नव्हे, बाटली नीट वाचा), त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेनं गोल, मग नुसत्या डिस्टिल वॉटरनं परत, लेबल कोरडं ठेवून. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. आणि पत्र्याखाली मे महिन्यात एकावर एक रचून ठेवल्या तर वाकतात, माझ्या तीन एलपी ताटासारख्या झाल्या. आता खालच्या खोलीत उभ्या ठेवल्या.

एलपी६०एक्सला ७८ स्पीडच नाही. त्यासाठी एलपी१२०एक्स आहे, त्यात तिन्ही स्पीड आणि भार लावायची सोय, पण किंमत दुपटीच्या वर, शिवाय त्यावर ७८ साठी सुई वेगळी घ्यावी लागते, कारण एलपीच्या सुईचं टोक ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि लाखेच्या खाचेला ३ मिल पाहिजे.

परवा रात्री लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर अभंगाची पहिली बाजू संपली, आर्म जागेवर गेला. मी उठून बंद करायला गेलो तर आजी अंधारातूनच म्हणाली, "बंद नको करू बाबू, पालटून लाव. तुह्या आबाजीनं कधी एकाच बाजूवर उठू नाही देल्लं." लाखेच्या वीस रेकॉर्डी कागदात गुंडाळून उभ्या ठेवल्यात, तूर विकली की एलपी१२०एक्सचं बघतो.