लाकडी मेज की दगडी वेदी?

चर्च ऑफ इंग्लंडच्या देवळात बदल करायचा तर बहुतेक वेळा 'फॅकल्टी' नावाची परवानगी घ्यावी लागते आणि ती देते चर्चचंच न्यायालय. सर्वांत चिवट भांडण मात्र एका टेबलाचं आहे.

लाकडी मेज म्हणजे जेवणाचं मेज. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांचं म्हणणं सरळ होतं: प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) ही पंगत आहे, बळी नव्हे. 1550 साली बिशप रिडलीने लंडनमधल्या वेद्या काढून मेजं मांडायला सांगितली ती यासाठीच. दगडी वेदी म्हटली की बळी आला, बळी आला की रोम, म्हणजे पोपचं कॅथलिक चर्च, आलं! पुढे केंब्रिजच्या राउंड चर्चमध्ये जीर्णोद्धार करणाऱ्यांनी दगडी वेदी बसवली, तेव्हा तिथल्याच पाद्र्याने हरकत घेतली. 1845 मध्ये वरच्या न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. मेज हलवता आलं पाहिजे, हाही मुद्दा होताच.

1964 च्या कायद्याने दगडाला मुभा दिली. तरी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुकमध्ये शिल्पकार हेन्री मूरची गोल, प्रचंड दगडी वेदी घुमटाखाली ठेवायची म्हटल्यावर खालच्या न्यायालयाने 'हे मेजच नव्हे' म्हणून नकार दिला. 1987 मध्ये अपिलात ती मंजूर झाली. लोक तिला गमतीने कॅमेम्बर्ट (गोल, चपटं फ्रेंच चीज) म्हणतात, आणि फोटो पाहिलात तर हसू येतंच.

माझं मत विचाराल तर अर्थ लाकडी मेजाचाच स्पष्ट; पण त्या घुमटाखाली, सगळ्यांना भोवती बसता येईल अशी जागा मूरच्या दगडानेच केली.